सूत्रधाराची मिनिटं

आमच्या मुलुंडच्या मंडळाचं वर्धापनदिनाला नाटक असतं, आणि नाटकाआधी सूत्रधार येतो. अठ्ठावीस वर्षं तो सूत्रधार म्हणजे माझा नवरा, जयवंत. प्रेक्षकांना नमस्कार, गोष्टीची ओळख, दोन कोपरखळ्या. मिनिटं ठरलेली पाच, पण हा बाबा कधी सात घेई, कधी बारा. ह्याच्या हातात माइक दिला की सुटत नाही, असं लोक म्हणत. मीही म्हणायचे.

यंदा दिग्दर्शन आमच्या मुलीचं, श्वेताचं. मुख्य भूमिकाही तिचीच, आणि तीही आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्याच तालमीत तिने सूत्रधाराला कात्री लावली.

"बाबा, लोक तोवर खुर्च्याच शोधत असतात. डायरेक्ट नाटक सुरू करू ना!"

जयवंत "बरं" म्हणाला. तरी महिनाभर आंघोळ करताना नवं भाषण घोकत राहिला. मला दोघांचाही राग आला. तिने कापावं आणि ह्याने हूं की चूं करू नये!

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल भरला. विंगेत श्वेता पांढरीफटक पडली होती.

"आई, पहिलं वाक्यच आठवत नाहीये गं. वाट लागली!"

तेवढ्यात शेजारी जयवंत चपला काढताना दिसला.

"घाय करू नको गो. मी भायर आसंय," म्हणाला आणि साध्या बुशशर्टातच पडद्यापुढे गेला.

हॉल हसू लागला. मी मात्र त्याचे डोळे बघत होते. दर दोन वाक्यांनी ते विंगेकडे वळत होते, श्वेताकडे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या वर्षी आमच्या नाटकातला नायक कुंडलिक विंगेत घाबरून ओकला होता, त्या वर्षी ह्याला बारा मिनिटं लागली होती. हा कधीच प्रेक्षकांसाठी बोलत नव्हता. मला माझीच लाज वाटली.

श्वेता पाणी प्यायली, तिने पदर खोचला आणि मान हलवली. जयवंत ऐन रंगात होता, निम्मं भाषण शिल्लक होतं. त्याने वाक्य तिथेच सोडलं, नमस्कार केला आणि पलीकडच्या विंगेत गेला.

टाळ्या वाजायच्या आत श्वेता पुढे आली. सगळे तिच्याकडे बघू लागले, मी त्याच्याकडे. तो तिच्याबरोबर ओठ हलवत होता. तिची सगळी वाक्यं त्याला पाठ होती.