रिंगची बहिरी बाजू

साथॉफसाठी मी चहाचा दुसरा कप ओतत होते, तेवढ्यात ब्रुन्स दारात येऊन उभा राहिला. मीच बोलावलं होतं त्याला. अकरा वाजता म्हटलं होतं आणि तो अकराच्या ठोक्याला आला, पायपुसण्यावर बूट चारदा घासून. असा माणूस आहे तो.

मी त्याला बसवलं. कपात खडीसाखरेचा खडा टाकला, चहा ओतला, कडेने साय सोडली. त्याचा कप संपला तेव्हा मी किटली माझ्या बाजूला ओढली आणि साथॉफला तिसरा कप दिला. इथे जर्मनीच्या किनाऱ्यावर, एम्डेनमध्ये वाढलेल्या कुणालाही याचा अर्थ कळतो. तीन कप हा पाहुण्याचा हक्क, आणि एका कपावर किटली उचलणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. ब्रुन्सने रिकाम्या कपात चमचा ठेवला, जणू त्यालाच आणखी नको होता.

साथॉफ रेडिओ-तपासणी खात्याचा माणूस. त्याची गाडी खाली अंगणात उभी होती आणि निम्मी इमारत पडद्याआडून ती बघत होती. त्यांनी बघावं म्हणून तर मी आठवडाभर आधी सूचनाफलकावर चिठ्ठी लावली होती: 'ब्रुन्स यांच्या घरात रेडिओ बिघडवणारं उपकरण चालू आहे. मंगळवारी सरकारी तपासणी होईल.' खाली माझी ठसठशीत सही.

"चिठ्ठी लावायच्या आधी मला एकदा विचारायचं होतंत, पोप्पिंगाबाई," ब्रुन्स म्हणाला.

"तुम्ही रेमरला विचारलं होतंत?"

हे एक वाक्य तोंडावर मारायला मी दोन वर्षं थांबले होते, आणि खरं सांगते, त्या सायीच्या चहापेक्षा ते गोड लागलं.

रेमर माझा नवरा. कालव्याच्या दरवाजांवर त्याने चौतीस वर्षं नोकरी केली आणि मी तेवढीच वर्षं बेटावर जाणाऱ्या बोटीची तिकिटं फाडली. दोघांनाही बोलायचा कंटाळा. मी दिवसभर खिडकीत बोलून दमलेली असायचे आणि तो मुळातच अबोल. पण दर रविवारी सकाळी दहा वाजता तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मोर्सच्या चावीवर ठिपके-रेघा वाजवत रेडिओवरून नॉर्वेतल्या सिगवालशी बोलायचा. एकतीस वर्षं. दोघं एकमेकांना कधी भेटले नाहीत. मासळी, हवा, गुडघे, असल्याच गप्पा. त्यासाठी माळ्याच्या खिडकीतून मागच्या पॉपलरच्या झाडापर्यंत अँटेनाची एक तार ओढलेली होती, शिवणकामाच्या दोऱ्यासारखी बारीक. या इमारतीत आल्यापासून बावीस वर्षं ती कुणाला दिसली नाही.

ब्रुन्सला दिसली. गृहसंस्थेचा अध्यक्ष झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात पत्र आलं: इमारतीला काहीही बांधायचं नाही, चौदा दिवसांत काढा. मी भांडायला निघाले होते. रेमर म्हणाला, "जाऊ दे गं, नियम आहे." माळ्यावर चढून त्याने स्वतःच्या हातांनी तार सोडवली आणि एका फळीवर नीट गुंडाळून ठेवली. पुढचे सगळे रविवार दहा वाजता तो बूट पॉलिश करत बसायचा. आमच्या घरात इतके बूटही नव्हते. चौदा महिन्यांनी तो गेला. डॉक्टर म्हणाले हृदय. मी म्हणते, तार.

सिगवालला मी चार ओळी लिहून कळवलं. त्याचं कार्ड आलं. त्यात होतं, 'शेवटी तो एकदम गप्प का झाला, मला कळलं नाही. माझं काही चुकलं असेल असं वाटत राहिलं. मी अजूनही रविवारी दहाला त्याला हाक मारतो.' पत्रातून मी सगळं सांगू शकले असते. पण मला ते पत्रातून सांगायचं नव्हतं. ज्या जागेवरून रेमरला उठवलं, त्याच जागेवरून, त्याच वेळी, मला ब्रुन्सचं नाव नॉर्वेला पोचवायचं होतं. अडुसष्टाव्या वर्षी मी मोर्स शिकले. परवान्याच्या परीक्षेत एकदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले. रागासारखी शिकवणी नाही.

तळघरात रेमरची एक अर्धवट रिंग पडली होती. पाण्याच्या तांब्याच्या नळीची, सायकलच्या चाकापेक्षा थोडी मोठी. आत एक छोटी रिंग आणि वर लहरी जुळवायचं बटण. रेमरच्या रेडिओ क्लबातल्या हार्मने उरलेले सांधे जोडून दिले. हा अँटेना उचलून कुठेही नेता येतो, त्याला ना झाड लागतं ना गच्ची. मी तो बाल्कनीत बागेतल्या छत्रीच्या स्टँडवर उभा केला. दुसऱ्याच दिवशी ब्रुन्स हजर.

"हे बांधलंय?"

"उभं आहे, ब्रुन्ससाहेब. हलवून बघा."

त्याने खरंच हलवून बघितलं. नियमात बसत होतं. तो जिना उतरेपर्यंत मी कठड्याशी मुद्दाम उभी राहिले.

रिंगचे नखरे फार. हात जवळ नेला तरी जुळलेली लहर सरकते, म्हणून मी लाकडी कालथ्याच्या दांड्याने बटण फिरवायचे. तेही जमलं. पण पहिल्याच रविवारी दहा वाजता कानात नुसती गुरगुर. सिगवाल कुठेतरी खाली होता, त्याचे ठिपके मधूनच डोकं वर काढत आणि पुन्हा बुडत. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. कुणाच्या तरी घरातलं स्वस्तातलं यंत्र असणार, हार्म म्हणाला. फोनवर त्याने युक्ती सांगितली. रिंगमधून आरपार बघितल्यावर जे दिसतं, त्या दिशेला ती बहिरी असते. फिरवत राहायचं. गुरगुर थांबली की रिंगमधून बघायचं.

"आणि हिल्के, तिला पुढचं-मागचं कळत नाही हं. दोन्हीकडे बघ," तो म्हणाला होता. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला.

मी इंचाइंचाने रिंग फिरवली. एका जागी गुरगुर पार बसली. वाकून आरपार बघितलं, तर अंगणापलीकडे रिंगच्या बरोबर मधोमध ब्रुन्सची स्वयंपाकघराची खिडकी. मला इतका आनंद रेमर गेल्यापासून झाला नव्हता. आता ब्रुन्सला चौदा दिवसांची नोटीस येणार होती.

साथॉफचा चहा संपल्यावर आम्ही तिघं अंगण ओलांडून ब्रुन्सकडे गेलो. जिन्यात शेजारणी कचऱ्याच्या बादल्या घेऊन उगाच खोळंबल्या होत्या. ब्रुन्सने घराच्या विजेचा मुख्य खटका खाली केला. फ्रिज थांबला, घड्याळ विझलं. साथॉफच्या हातात माझ्यासारखीच, पण ताटलीएवढी रिंग होती. त्यातून गुरगुर येतच राहिली.

"इथून नाही येत," तो म्हणाला.

"नीट बघा," मी म्हटलं.

त्याने नीट बघितलं. मग ती ताटली पुढे धरून तो चालायला लागला. अंगणात आवाज वाढला. माझ्या जिन्यात आणखी वाढला. त्याच शेजारणी आता माझ्याकडे बघत होत्या. हार्मचं ते 'दोन्हीकडे बघ' मला पहिल्या मजल्यावर आठवलं. रिंगमधून ब्रुन्सची खिडकी बघताना माझ्या पाठीमागे माझं स्वतःचं घर होतं.

साथॉफ बैठकीतून सरळ झोपायच्या खोलीत गेला आणि रेमरच्या बाजूच्या मेजापाशी थांबला. तिथे एक छोटी डबी होती, तिच्यावर हिरवा दिवा. आत रेमरची दोन श्रवणयंत्रं. शेवटच्या वर्षी मिळाली होती त्याला, तार निघाल्यानंतर, म्हणून ही गुरगुर त्याला कधी कळलीच नाही. रोज झोपताना तो ती काढून चार्जरमध्ये ठेवायचा. शेवटच्या संध्याकाळी ठेवली तशीच होती. मी तो दिवा विझू दिला नव्हता.

"हे कोण वापरतं?" साथॉफने विचारलं.

दारातून ब्रुन्स म्हणाला, "यांचे यजमान वापरायचे." मग तो जिन्याकडे वळला आणि बघत उभ्या असलेल्या बायकांना म्हणाला, "झालं, सापडलं. जा आता."

तो हसला असता तर मला सोपं गेलं असतं. जन्मभर द्वेष करायला एक चांगलं कारण मिळालं असतं. तेही त्याने दिलं नाही.

साथॉफ म्हणाला, गुरगुर या चार्जरची आहे, हे बंद ठेवावं लागेल. प्लग मी माझ्या हाताने काढला. बाल्कनीतला रेडिओ एकदम शांत झाला.

संध्याकाळी फलकावरची चिठ्ठी काढून मी दुसरी लावली. 'गुरगुर माझ्या घरातून येत होती. ब्रुन्स यांचा संबंध नव्हता. हिल्के पोप्पिंगा.' तीही तेवढ्याच मोठ्या अक्षरात. ब्रुन्सला मात्र चहाला बोलावलं नाही. त्याचे दोन कप राहिले आहेत, मला माहीत आहे.

रविवारी आभाळ दाटून आलं होतं. समोरच्या सगळ्या घरांत दिवे होते, फक्त ब्रुन्सचं घर अंधारात. मला वाटलं, बाहेर गेला असेल. मग खिडकीत मेणबत्ती दिसली आणि तिच्यामागे तो, कप घेऊन बसलेला. खटका खाली करून बसला होता. सांगितलं नव्हतं कुणी.

दहा वाजता सिगवाल आला. स्वच्छ, प्रत्येक ठिपका वेगळा. तो रेमरलाच हाक मारत होता. मी उत्तर दिलं. रेमरची बायको, हिल्के. मग त्याने माझं नाव दोनदा पाठवलं, आणि सावकाश, मला झेपेल अशा वेगाने, विचारलं, रेमर का गप्प झाला?

तार काढायला लावली, मी कळवलं.

कोणी?

रिंगपलीकडे मेणबत्ती होती. मला लाज वाटली का? वाटली. तरी मी नाव पाठवलं. रोमन लिपीतली पाच अक्षरं, एकही न चुकता. दोन वर्षं दाताखाली धरलेलं ते नाव अर्ध्या मिनिटाच्या आत संपलं.

सिगवालने एवढंच कळवलं, 'म्हणजे तो रागावला नव्हता.' नावाबद्दल त्याने काही विचारलं नाही. मग हवा विचारली, गुडघे विचारले. पुढच्या रविवारी दहाला, असं म्हणून तो गेला.

साडेदहाला मी आत गेले आणि चार्जरचा प्लग लावला. हिरवा दिवा लागला. बाहेर रेडिओ गुरगुरायला लागला, तो जाऊन बंद केला.