पायडलं पुढे असण्याचा गुन्हा

मी आडवी सायकल आहे, आणि आज जे बोलणार आहे ते रागाने बोलणार आहे. बत्तीस वर्षं मुकाट्याने ऐकून घेतलं. आता पुरे.

लोक मला काय काय म्हणाले ते आधीच सांगून टाकते. आरामखुर्ची. चाकांवरची खाट. आळशी माणसाचं वाहन. एका शेजारणीने तर मिंकेला, म्हणजे मला बनवणाऱ्याच्या बायकोला, कुंपणावरून हळूच विचारलं होतं, "तुझ्या नवऱ्याला काही झालंय का गं? नाही, असा निजून निजून कुठे जातो रोज?"

झालं होतं खरं. येल्मर ओसिंगा बोटींच्या कारखान्यात वेल्डर होता. चाळिशीला आला होता तेव्हा एका बोटीचं इंजिन उचलताना त्याच्या मणक्याची गादी सरकली. सहा आठवडे पाठीवर पडून होता. डॉक्टरांनी सांगितलं, उठशील, चालशील, पण सायकल विसर. फ्रिसलंड प्रांतातल्या आमच्या नायसिल गावात हे कुणाला सांगायचं म्हणजे कमालच. इथे मूल चालायला शिकतं ते सायकलपर्यंत जाण्यापुरतं.

येल्मर विसरला नाही. त्या हिवाळ्यात त्याने अंगणातल्या शेडमध्ये मला बनवलं. मोडीत निघालेल्या एका बोटीची लांब नळी हा माझा कणा. पुढचं लहान चाक एका मुलीच्या जुन्या सायकलचं, मागचं मोठं चाक त्याच्या स्वतःच्या शर्यतीच्या सायकलचं. साखळी इतकी लांब लागली की तीन साखळ्या जोडाव्या लागल्या. बसायला शिडाचं कापड ताणून झोळीसारखं आसन केलं आणि पायडलं लावली सगळ्यांत पुढे, पुढच्या चाकाच्याही पलीकडे. त्या झोळीत तो पाठ टेकून बसला. मग आत हाक मारून म्हणाला, "मिंके, दुखत नाहीये."

हे वाक्य लक्षात ठेवा. दुखत नाहीये. माझा जन्म एवढ्यासाठी झाला. कुणाला चिडवायला नाही आणि कुणाला हरवायलाही नाही.

पहिल्या दिवशी तो मला घेऊन कालव्यात पडला. दुसऱ्या दिवशी कुंपणात. तोल सांभाळायला तीन आठवडे लागले, कारण उभ्या सायकलवर माणूस कमरेने तोल सावरतो आणि माझ्यावर कंबर टेकलेली असते. हे मी कधी लपवलं नाही. पण लोक माझ्यावर एकदा बसतात, दोनदा डगमगतात, हसतात आणि उतरून म्हणतात, "छे, ही चालवण्यासारखी नाही." लहानपणी आपापल्या उभ्या सायकलवरून किती वेळा ढोपरं फोडून घेतली होती, ते बरं विसरतात.

आता विब्रेनबद्दल सांगते. विब्रेन हाईत्स्मा हा येल्मरचा शाळेपासूनचा मित्र. गावातलं सायकलचं दुकान त्याचं, सायकल मंडळाचा अध्यक्षही तोच. मंडळाची दर मे महिन्यात बांधफेरी निघते. समुद्र अडवणाऱ्या बांधावरून, खाडीला वळसा घालून नव्वद किलोमीटर, आणि परतताना सगळा वारा तोंडावर. ती शर्यत नाही असं सगळे म्हणत, आणि शेवटी गरम सूप मिळायचं त्या तंबूपाशी कोण आधी पोचला हे सगळे बघत. सलग नऊ वर्षं विब्रेनच आधी पोचला होता.

दहाव्या वर्षी येल्मर मला घेऊन गेला. जाताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, वेड्यासाठी वाजवतात तशा. परतताना बांधावर वारा सुटला आणि उभे सायकलवाले एकेक करून मान खाली घालून रेंगाळू लागले. आम्ही जमिनीलगत, वाऱ्याच्या खालून निघालो. विब्रेन पोचला तेव्हा येल्मरचं सूप पिऊन झालं होतं. अकरा मिनिटं.

विब्रेन आधी हसला. मग हेल्मेट काढता काढता म्हणाला, "तुला वाराच लागत नाही, यात काय मोठेपणा?"

"लागतो ना. कमी लागतो," येल्मर म्हणाला.

"मग ही फसवणूकच झाली की."

"विब्रेन, तू हँडलवर नाक टेकवून चालवतोस ते कशासाठी? नमस्कार करतोस का रस्त्याला?"

आजूबाजूचे हसले. विब्रेन हसला नाही. माझं नशीब त्या हसण्यात फिरलं, असं मला आजही वाटतं.

ऑक्टोबरात मंडळाची बैठक झाली आणि नवा नियम आला. विब्रेनने स्वतःच्या हाताने लिहिलेला: 'सायकल म्हणजे असे वाहन, ज्याची पायडले बसणाऱ्याच्या खाली असतात.' एवढंच. माझं नावसुद्धा घेतलं नाही. पुढच्या मे महिन्यात येल्मर नंबर घ्यायला टेबलापाशी गेला, तर विब्रेन कागदांकडे बघत म्हणाला, "तू ये ना रे. ही नको."

"माझी पाठ तुला माहीत आहे."

"नियम मी एकट्याने नाही केला."

रांगेतले सगळे बघत होते. मिंकेने येल्मरची बाही धरली. "चल घरी. लोक बघताहेत," ती म्हणाली. येल्मरने मला वळवलं. तोवर मला चालवताना तो कधी कण्हला नव्हता. त्या दिवशी नुसता हातात धरून नेताना कण्हला.

शाळेतल्या एका मास्तरीणबाईंच्या मनात मात्र मी भरले होते. येल्मरने त्यांना माझी धाकटी बहीण बनवून दिली. तिचं काय झालं ऐका. स्टेशनवरच्या सायकलींच्या खाचेत ती मावेना. आगगाडीत घेईनात, म्हणाले लांब आहे. आसनाचं कापड उसवलं तेव्हा बाई विब्रेनच्या दुकानात गेल्या, तर तो म्हणाला, "मी या भानगडीला हात लावत नाही." वर्षभरात बाईंनी ती काढून टाकली. आणि मग गावच म्हणायला लागलं, बघा, घेणारेसुद्धा सोडून देतात. तुम्हीच दार लावून घ्यायचं आणि वर म्हणायचं, ही आत येत नाही.

सगळ्यांत जास्त राग मला बेकरीच्या वळणाचा येतो. आम्ही सरळ चाललो होतो. माझ्या पाठीवर काठी होती, काठीला माणसाच्या उंचीवर नारिंगी झेंडा होता. पाव पोचवणाऱ्या गाडीने वळण घेतलं आणि येल्मरचा पाय दोन ठिकाणी मोडला. गाडीवाला म्हणाला, "दिसलीच नाही." खाली उतरून म्हणाला ते, हातात फोन होता. पण गावाला फोन दिसला नाही. "आम्ही सांगत होतोच," जो तो म्हणाला. "इतकं खाली बसून कुणी रस्त्यावर येतं का?"

त्याच वर्षी, त्याच वळणावर, आणखी दोघांना गाड्यांनी उडवलं. दोघं उभ्या सायकलवर. तेव्हा कुणी म्हणालं नाही की उभी सायकल धोक्याची. म्हणाले, वळण वाईट आहे. आणि तिथे पाटी लावली.

पाय बरा झाल्यावर येल्मर पुन्हा माझ्यावर बसला, पण मिंकेने त्याला मागच्या रस्त्याने जायला सांगितलं. तो गेला. पुढची पंचवीस वर्षं तो मला गायरानांच्या मागून, गोठ्यांच्या कडेने चालवत राहिला. मेंढ्यांना माझं काही वावगं वाटलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी येल्मर गेला. न्यूमोनियाने, आठवडाभरात. त्यानंतर मी शेडमध्ये, रंगाच्या डब्यांमागे, एका बाजूला कलंडलेली. टायर बसले, साखळीवर गंज चढला.

गेल्या वसंतात शेडचं दार उघडलं आणि मिंकेच्या मागे विब्रेन दिसला. बहात्तर वर्षांचा. मान पट्ट्यात. पन्नास वर्षं हँडलवर भार टाकून टाकून बोटं बधिर झालेली, आणि एका शस्त्रक्रियेनंतर त्या अरुंद सीटवर बसणंच बंद झालेलं.

"डॉक्टर म्हणतात सायकल विसरा," तो म्हणाला.

 मिंकेने डबे बाजूला केले आणि मला बाहेर काढलं.

मी त्याला पाडणार होते. खरंच सांगते. बांधामागे, उजाडता उजाडता तो शिकायला आला तेव्हा पहिले चार दिवस मी काही फार मेहनत घेतली नाही. पण पाचव्या दिवशी तो न पडता सरळ सुटला, आणि पाव तासाने मला त्याची मान सैल पडल्याचं जाणवलं. खांदे टेकले. मग जवळपास कुणी नाही असं बघून तो म्हणाला, "येल्मर, लेका, हे मला सांगायचं होतंस."

सांगितलं होतं. जन्मभर सांगत होता.

रोज पहाटे बांधामागे आणि गाव जागं व्हायच्या आत शेडमध्ये, असं तीन महिने चाललं. एका सकाळी उशीर झाला आणि समोरून मंडळाची चार माणसं आली, पुढे नवा अध्यक्ष फोल्कर्ट. विब्रेन इतक्या घाईने उतरला की माझं हँडल दगडावर आपटलं.

"हे काय विब्रेन, तुम्ही या खाटेवर?" फोल्कर्टने विचारलं.

"छे रे. मिंकेचं भंगार आहे. टाकायला निघालोय."

भंगार. पाच मिनिटांपूर्वी माझ्या पाठीवर तो शीळ घालत होता.

दोन दिवसांनी बेकरीत फोल्कर्ट मिंकेला म्हणाला की विब्रेन भला माणूस, तुमची अडगळ उचलतो. मिंकेने साखरपाव तिथेच टेबलावर ठेवला आणि तडक दुकानात गेली. दुकान आता विब्रेनची मुलगी बघते. तो मागे बसला होता आणि मी त्याच्याशेजारी, हँडल सरळ करायला आणलेली.

"टाकलंस का भंगार?" मिंके म्हणाली.

विब्रेनने मान वळवायचा प्रयत्न केला, वळली नाही. "मिंके, मला ती चालवायची आहे. मला फक्त दिसायचं नाहीये."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मीच तर नियम केला होता. मला मग काय म्हणतील?"

"येल्मरला म्हणत होते तेच म्हणतील." ती खुर्चीत बसली.  "मागच्या रस्त्याने जा, हे मी सांगितलं त्याला. मी. त्याच्या पाठीपेक्षा मला शेजारीण मोठी वाटली. त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही, म्हणून जास्त टोचतं." मग उठली. "तुला लपवायचीच असेल तर आणून ठेव माझ्या शेडमध्ये. चालवायची असेल तर चालव."

तीन आठवडे विब्रेनने मला हात लावला नाही. चौथ्या शनिवारी, दुपारी, त्याने मला थेट मंडळाच्या बैठकीत नेलं आणि खोलीच्या मधोमध उभं केलं. म्हणाला, नियम चुकीचा आहे, तो काढा.

फोल्कर्टने फाइल उघडून नियम वाचून दाखवला. शब्द न् शब्द विब्रेनचा. खाली सहीही त्याचीच. "तुम्हीच सांगा, विब्रेन, यात चूक कुठे आहे? हिची पायडलं खाली आहेत का?"

"मी ते वाक्य हरलो म्हणून लिहिलं होतं," विब्रेन म्हणाला.

 नाकावर टिच्चून सांगणं सोपं असतं. हे सांगायला त्याला तीसहून जास्त वर्षं लागली, आणि ऐकायला येल्मर नव्हता.

मतदान झालं. नऊ जणांपैकी तीन हात वर आले. नियम कायम राहिला. तुम्हाला वाटलं असेल, एवढं कबूल केल्यावर तरी लोक विरघळतील. नाही विरघळत. कुणी माझ्याबद्दल वाईट बोललं नाही, उलट "छान आहे हो, पण..." असं म्हणाले. त्या 'पण'ने मला जेवढं मारलं तेवढं कुठल्या गाडीने मारलं नाही.

विब्रेन मला घेऊन बाहेर आला. शनिवारचा बाजार भरलेला. मासेवाला, चीजवाल्या बाई, कॉफी पीत बसलेलं अर्धं गाव. मागच्या गल्लीने जाता आलं असतं. तो पायरीपाशी थांबला, माझ्यावर बसला, पाठ टेकली आणि बाजारातून निघाला. मासळीच्या गाड्यापाशी डगमगला. "काका, उशी देऊ का?" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. त्याचे कान लाल झाले, पण पाय थांबले नाहीत.

आता मी त्याच्या दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभी असते. रोज दुपारी आम्ही पुढच्या रस्त्याने जातो. बांधफेरीत मला आजही जागा नाही. दुकानात येणारे मला वळसा घालून उभ्या सायकली बघायला जातात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. हसायचं तर खुशाल हसा, पण आधी बसा. एकदा नाही, तीन आठवडे बसा. मग काय ते सांगा.

आणि विब्रेनचं म्हणाल, तर मी त्याला माफ केलेलं नाही. रोज त्याची मान सैल पडते तेव्हा मला येल्मर आठवतो आणि राग येतो. तशीच, रागातच, मी त्याला घरी पोचवते.