बारावा बार

मित्रांनो, काचेच्या पेटीत टांगलेली मी एक जुनी रायफल आहे. माझा दस्ता अक्रोडाचा, नळी पोलादाची. गोळी आत सारून मागची वाट बंद करणारा बोल्ट माझ्याच मापाने घासून बसवलेला. म्हणून नळीवर आणि बोल्टवर एकच आकडा कोरला होता, ४१७२.

लढाईचं मी सांगणार नाही. पुढे आम्हा बारा जणींकडे वारलेल्या सैनिकांना मानवंदना देण्याचं काम आलं. शस्त्रागारातले म्हातारे मिस्त्री एकीचा बोल्ट पुसून परत बसवल्याशिवाय दुसरीला हात लावत नसत. नजर अधू झाल्यावर त्यांची लेक त्यांना आकडे वाचून दाखवी. हाताखालचा माणूस या संथपणाला कंटाळला, की ते म्हणत, "बारा जावई एकाच रंगाचे असले, म्हणून कुणालाही कुणाच्या घरी पाठवशील का?"

मिस्त्री गेले. गुरूसाठी आम्ही लखलखीत दिसावं म्हणून त्या माणसाने बाराही बोल्ट एकाच परातीत, रॉकेलमध्ये बुडवले. रडत रडत पुसले आणि आकडे न बघता बसवले.

अंत्ययात्रेत अकराच बार झाले. माझ्यातला परका बोल्ट पुरता मिटेना. मिस्त्रींच्या लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "जुनी झालीये, साहेब. ऐन वेळी दगा दिला हिने."

पंधरा वर्षं ज्या हातांनी मला तेल लावलं, त्याच हातांनी, पुन्हा कधी बार निघू नये म्हणून, माझ्या नळीला भोक पाडून मला इथे टांगलं.

महिन्याभराने लेक वडिलांचा चष्मा न्यायला त्या माणसाकडे आली. पेटीपाशी थांबली. सवयीने आकडे वाचू लागली.

"दादा, नळीवर ४१७२ आहे. बोल्टवर ४१६८."

त्याने वाकून दोन्ही आकडे पाहिले.

"चूक माझ्याकडूनही झाली असती," ती म्हणाली. "पण तुम्ही हिचं नाव सांगितलंत."

त्याने पेटी उघडली. दुसऱ्या रायफलमधून माझा बोल्ट काढून आणला आणि मला लावला. खट्कन बसला. भोक मात्र बुजत नसतं.

मित्रांनो, वस्तू जपा, ज्याचं त्याला परत द्या. आणि चूक झालीच, तर जिला बोलता येत नाही तिच्या माथी मारू नका. ती तुमच्या भरवशावर मुकी असते.