घोगरा कॅप्टन

"परत एकदा, दादा," काचेपलीकडे बसलेल्या तिच्या नवऱ्याला रेकॉर्डिस्ट म्हणाला. "शेवटी आवाज फाटला."

नवऱ्याने कोमट पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा वाचायला सुरुवात केली. बाहेरच्या बाकावर ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. कानावरच्या हेडफोनमध्ये वादळ होतं, फाटलेलं शीड होतं, चाचे होते. इतके दिवस ही सगळी माणसं त्याच्या एकट्याच्या घशातून बिनबोभाट यायची.

समुद्रावरच्या एका थरारक कादंबरीचं ऑडिओबुक तो करत होता; शेवटचं प्रकरण उरलं होतं. उद्या दवाखान्यात भरती व्हायचं होतं, मग ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार होते. त्याआधी पुस्तक आपल्या आवाजात संपवायचं, एवढाच त्याचा हट्ट.

पहिल्या प्रकरणाच्या वेळी सर्दीने त्याचा घसा बसला होता. त्याने तो घोगरेपणा खुशाल म्हाताऱ्या कॅप्टनला देऊन टाकला. प्रकरण प्रसिद्ध होताच ऐकणाऱ्यांनी कॅप्टनला डोक्यावर घेतलं. सर्दी गेली, घोगरेपणा मात्र मुक्कामालाच राहिला. "सूनबाई, तुझ्याकडे कॅप्टन घरजावई आलाय की काय?" सासूबाई हसायच्या. मुलगी तर "तोंड उघड, खलाशी!" असा घोगरा हुकूम सुटल्याशिवाय घास घ्यायची नाही. मुलीला दोन शिंका आल्या की डॉक्टर गाठणारी ती, पण नवऱ्याच्या घशाबद्दल "भूमिका अंगात भिनलीय त्याच्या" असं मैत्रिणींना कौतुकाने सांगत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "इतके महिने थांबलात कशासाठी?" तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कॅप्टनसाठी, असं कसं सांगणार?

"आता फक्त टेहळ्याचं वाक्य," रेकॉर्डिस्ट म्हणाला. डोलकाठीवरून एक तरणा खलाशी ओरडतो, आणि तिथे पुस्तक संपतं.

नवऱ्याने दम घेतला. "जमीन! पुढे जमीन आहे!"

रेकॉर्डिस्टने यंत्र थांबवलं. "दादा, हा कॅप्टनच आला परत. तो तर दोन पानांमागे बुडालाय."

नवरा हसला. हसण्याचाही आवाज झाला नाही. त्याने पुन्हा तोंड उघडलं. यावेळी नुसती हवा आली.

ती दार ढकलून आत गेली. "अरे, बस कर ना. किती खरवडशील?"

"एकच वाक्य गं," तो पुटपुटला.

रेकॉर्डिस्ट मान खाली घालून वायर गुंडाळत होता. "स्टुडिओच्या साहेबांनी दुसऱ्यांना विचारून ठेवलंय, दादा. नाटकात काम करतात ते. सगळं प्रकरण तेच वाचतील. कॅप्टनही जमतो म्हणाले. जरा घसा दाबला की झालं."

नवऱ्याने उरलेलं कोमट पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाला, "त्यांना सांग, फार दाबू नका."

आता खोलीची शांतता तेवढी घ्यायची होती. काम आटोपलं की वाचणारा गप्प बसून राहायचा आणि रेकॉर्डिस्ट खोलीचा नि:शब्द आवाज टिपून ठेवायचा. वाक्यांमधल्या फटी बुजवायला तो लागायचा. तिने बाहेर येऊन हेडफोन पुन्हा कानाला लावला. दार लागलं.

"बाबा बोलत का नाही?" मुलीने विचारलं.

"श्श."

हेडफोनमध्ये बारीक शिट्टी वाजत होती. आत, बाहेर. आत, बाहेर. ती डोळे मिटून ऐकत राहिली.

"श्वास येतोय," रेकॉर्डिस्ट चुटपुटत म्हणाला. "दादा, तुम्ही जरा बाहेर येता का? रिकामी खोलीच घेतो."

नवरा उठला. त्याने खुर्ची हळूच आत सरकवली, पुस्तक मिटलं आणि आवाज न करता बाहेर आला.

"हां. आता एकदम स्वच्छ," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मुलीने आईच्या कानावरचा हेडफोन ओढून आपल्या कानाला लावला. थोडा वेळ ती कान देऊन ऐकत राहिली. मग हुकूम येईलच अशा खात्रीने तिने तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवलं.