हजर नव्हतं कोणी

झडीचा तिसरा दिवस होता. आमच्या भागात पाऊस एक तर तोंडच दाखवत नाही, आणि कधी मनावर घेतलंच तर असा संथपणे, न गरजता, न थांबता पडत राहतो की माणसाला आपलं स्वतःचं घर परकं वाटू लागतं. नांदूरघाटहून येणारी सकाळची बस आली नव्हती. गिरणी बंद होती. समोर दूध सोसायटीच्या ओट्यावर एक कुत्रं वेटोळं करून पडलं होतं आणि मी खिडकीतून त्याच्याकडे बघत होते. दिवसभरात सोबत म्हणावी अशी तेवढीच होती.

मी एकटी राहते हे गावाला माझ्यापेक्षा जास्त खुपतं. मुलगा पुण्याला असतो. दर रविवारी फोन करतो, 'जेवलीस का' विचारतो आणि माझं उत्तर यायच्या आत 'बरं बरं' म्हणतो. आमचे हे, म्हणजे मल्लिनाथअप्पा, सोसायटीचे सचिव होते. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. ते होते तेव्हा दर वैशाखात माळवदावर पांढरी माती चढायची, चोपून चोपून सारखी व्हायची, आणि कितीही झड लागो, घरात थेंब यायचा नाही. आता माती चढवायला माणूस बोलवावा लागतो, त्याच्या मागे उभं राहावं लागतं, आणि मी दोन वर्षं 'बघू पुढच्या साली' म्हणत आले. त्याचं फळ समोर होतं. मधल्या खोलीत सात ठिकाणी गळत होतं.

सातही ठिकाणी मी भांडी मांडली. दोन पातेली, परात, बादली, कढई, घमेलं आणि तेलाचा एक रिकामा डबा. मांडताना जरा गंमतही वाटली, लहानपणी भातुकलीत मांडायचो तशी ती खोलीभर विखुरली होती. मग आत जाऊन आंघोळ केली, विभूती लावली, लिंगपूजा उरकली आणि बाहेर आले.

भांडी एका रांगेत होती.

मधल्या खांबापासून उंबऱ्यापर्यंत, एकामागे एक, कोणीतरी दोरी धरून लावल्यासारखी. वरून थेंब पूर्वीच्याच सात जागी पडत होते आणि सारवलेल्या जमिनीत खळगे करत होते. मी स्वतःवरच चिडले. वय झालं की हात मनाला न विचारता कामं करतात. परवाच चहात साखरेऐवजी मीठ टाकून मी तो तसाच प्यायले होते. पुटपुटत एकेक भांडं उचललं आणि जिथल्या तिथं ठेवलं.

भाकरी करून परत आले तेव्हा ती पुन्हा रांगेत होती. या वेळी मात्र बादली, जी मघाशी पाचवी होती, ती तिसरी झाली होती.

मी भित्री बाई नाही. आमचे हे दूध संघाच्या सभांना परगावी गेले की महिना महिना एकटी राहिलेली आहे. घरात शिरायला मांजर नव्हतं, मूल नव्हतं, दाराची कडी मीच लावलेली होती. मी भांडी पुन्हा मांडली आणि त्यांच्यावर नजर ठेवून खांबाला टेकून बसले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग लक्षात आलं की आवाज येत नाही. पत्र्याच्या डब्यात थेंब पडला तर टणकन वाजायला हवा, परातीत तर जास्तच. थेंब पडताना दिसत होते. मी उठून परातीतून हात फिरवला. परात कोरडी होती, उन्हात वाळत घातल्यासारखी. बादली कोरडी होती. पातेल्यांच्या तळाला तर धूळ होती, आणि ती मी सकाळीच घासली होती.

दाराची कडी पुन्हा एकदा बघावी म्हणून मी पाठ फिरवली, तेवढाच काय तो वेळ. वळले तर रांग लागलेली. मला भीती वाटली नाही, लाज वाटली. भर रस्त्यात कोणी आपलं नाव घेऊन हाक मारावी आणि का मारली ते आपल्याला आधीच ठाऊक असावं, तशी लाज.

कारण अशी रांग मी पुष्कळ बघितली होती. बघणं हेच माझं काम होतं.

तीन वर्षांपूर्वीच्या दुष्काळात गावातली जनावरं चारा छावणीत गेली, दुधाचं संकलन थांबलं आणि सोसायटीच्या आवारात रिकामी कॅनं पालथी पडून राहिली. तिथंच मग पाण्याची मोठी टाकी बसवली. एका दिवसाआड टँकर यायचा आणि टाकीत पाणी सोडायचा. बायका पहाटे घागरी लावून कामाला निघून जायच्या. माणसाच्या जागी घागर उभी राहायची. आमचं दार आवारासमोरच, तेव्हा रांग मी बघायची असं ठरलं. घागरी पुढं सरकवायच्या, कोणाला मधे घुसू द्यायचं नाही, आणि नंबर आला तेव्हा घरचं कोणी हजर नसेल तर घागर बाजूला काढायची. सगळ्या वस्त्यांची रांग एकच होती. महानंदाकाकूंच्या रांगेत लबाडी होत नाही असं गाव म्हणायचं, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

पारूबाई पलीकडच्या बौद्धवाड्यातली. छावणीत शेण उचलायला जायची. दुपारी टँकर आला की तिचा मुलगा शहादेव घागर घ्यायला यायचा. त्या दिवशी माझ्याकडे तेलगावहून मुलासाठी सोयरीक बघायला माणसं येणार होती, बारा जणं. बारा जणांचे पाय धुवायचे, जेवणं, आंघोळी. मी माझ्या दोन घागरी हळूच पारूबाईच्या घागरीपुढं सरकवल्या. दोनच. कोणाचं लक्ष नव्हतं. असतं तरी माझ्यावर कोणी संशय घेतला नसता. माझी दुसरी घागर भरली आणि नळाला नुसती हवा आली. टाकीपाशी ओरडाआरड सुरू झाली, त्या गोंधळात मी पारूबाईची घागर उचलून बाजूला ठेवली.

संध्याकाळी ती आली. मी म्हणाले, "तुझा नंबर आला तेव्हा हजर नव्हतं कोणी." तिनं घागर उचलली. वाद घातला नाही, तोंड वाकडं केलं नाही, नुसतं "बरं" म्हणाली आणि जुन्या विहिरीकडे गेली. तळाला थोडं पाणी होतं म्हणतात. तिला तिथून वर काढलं तेव्हा माझ्या ओसरीवर तेलगावचे पाहुणे हात धूत होते. ती सोयरीक जमलीही नाही.

आज दुपारी तीनच्या सुमाराला दाराशी हाक आली.

"काकू, हायेत का?"

पारूबाईचा शहादेव होता. डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन आला होता, तरी अंगभर भिजला होता. वहाणा बाहेर काढून आत आला आणि भांड्यांकडे बघून थबकला.

"ही रांग कावून लावली, काकू? पानी तर तिकडं गळायलंय."

म्हणजे ती त्यालाही दिसत होती. मी चहा टाकते म्हणाले, तो "नगं" म्हणाला आणि रांगेच्या शेवटी, उंबऱ्याजवळ, उकिडवा बसला.

"उद्या पुन्याला चाललोय. कंपनीत काम लागलं. दादा एकटाच ऱ्हाईल हितं." दादा म्हणजे त्याचा बाप आश्रुबा. "तीन वर्सं झाली, दादा माझ्याशी बोलंना. म्या टाकलेली भाकर खातो, पर बोलत न्हाई. तू येळेवर असतास तर तुझी माय हिरीत उतरली नसती, एवढंच म्हनला व्हता, मातीच्या दिवशी. त्याच्यानंतर न्हाई."

मी पदराला हात पुसत उभी राहिले. हात कोरडेच होते.

"काकू, म्या लई आठवून बघितलं. मी आलतो तवा मायची घागर रांगेतच व्हती. तिच्याफुडं दोन व्हत्या, कुनाच्या ते ध्यानात न्हाई. त्या भरल्या अन् पानी सरलं. मी तसाच पलीकडल्या वस्तीवर पानी बघाया गेलो. पर आता वाटतंय, हे मी मनानंच रचलं का काय. रांग तुमी बघत व्हता. दादा तुमचं ऐकंल. जायच्या आधी एकडाव येऊन त्याला सांगा, मी येळेवर आलतो का न्हाई. जे आसंल ते सांगा. माझं चुकलं आसंल तर तसं सांगा."

किती साधं होतं. 'आला होतास रे बाबा,' एवढे तीन-चार शब्द. ते माझ्या जिभेवर आलेसुद्धा. पण त्यांच्या मागोमाग दुसरे शब्द येणार होते, त्या दोन घागरी कोणाच्या ते. मग गाव माझ्याकडे बघणार, मुलगा पुण्यात ऐकणार, आणि अप्पांच्या फोटोखाली मला रोज बसायचं होतं. मी या पोराच्या तोंडाकडे बघितलं, ते थेट पारूबाईचं होतं, आणि मला त्याची फार फार दया आली. तरी मी म्हणाले,

"तीन वर्षं झाली, शहादेव. मला काय आठवतंय आता."

तो वाट बघत बसला.

"हजर नव्हतं कोणी," मी म्हणाले. "एवढं आठवतं."

त्यानं मान हलवली. "बरं," म्हणाला. "मंग माझंच चुकलं आसंल." आणि उठला, पोतं डोक्यावर घेतलं, दार माझ्यासाठी नीट ओढून घेतलं आणि पावसात निघून गेला. गल्लीच्या वळणापर्यंत तो दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

मला भयंकर तहान लागली. एवढी तहान मला त्या दुष्काळातही लागली नव्हती. माठ खोलीच्या आतल्या कोपऱ्यात असतो. मी गेले, तांब्या बुडवला, वर काढला, आणि तोंडाला लावणार तोच पायाशी काहीतरी टेकलं. बादली होती. तिच्यामागे परात, परातीमागे कढई. रांग आता माठापासून सुरू होत होती आणि मी तिच्या पुढं, मधेच घुसून, हातात भरलेला तांब्या घेऊन उभी होते.

कोणी बाजूला काढायच्या आत मीच तांब्यातलं पाणी परत माठात ओतलं. रिकामा तांब्या घेऊन भांड्यांच्या कडेकडेने चालत मागे गेले आणि शेवटच्या पातेल्याच्या मागे, उंबऱ्याजवळ, उकिडवी बसले. शहादेव बसला होता तिथली जमीन अजून ओली होती. बाहेर पागोळ्या पडत होत्या, गल्लीतून लाल पाणी वाहत होतं, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. मी मोजलं. माझ्यापुढे सात भांडी होती. सात म्हणजे काही फार वेळ लागणार नव्हता.

बसल्या बसल्या मनात आलं की आश्रुबाचं घर इथून चार मिनिटांवर आहे. छत्री खुंटीला आहे. शहादेव आजची रात्र घरीच असेल. जाऊन सांगावं आणि मोकळं व्हावं. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलेही. पण उठले आणि नंबर आला तर? हजर नसेल त्याचं भांडं बाजूला काढतात. मी पुन्हा खाली बसले.

खिडकीतला उजेड उतरत चालला आहे. पाऊस तसाच आहे. मी अधूनमधून मोजते, वेळ जावा म्हणून. मघाशी माझ्यापुढे सात होती. आता नऊ आहेत.