बांगड्यांखालचं मनगट

त्या दिवसांत बेल्याच्या पानठेल्यावर दुसरा विषयच नव्हता. दसऱ्याला आदिलाबादचे चार जिल्हे झाले होते आणि कोणतं मंडल, म्हणजे तालुका, कुठं गेलं हे चंपतरावाला तोंडपाठ होतं. वांकिडी तिकडं गेली, बेला इकडंच राहिलं, कलेक्टर कुठं बसणार, दफ्तर कुठं हलणार, सगळं त्याला ठाऊक. घरी जेवायला बसला तरी तोंड चालूच. समोर बायको डाव्या हातानं भाजी वाढते आहे, हे मात्र या शहाण्याला तीन महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं.

आशाबाईचा उजवा हात बिघडला होता. अंगठा आणि शेजारची तीन बोटं बधिर, करंगळी तेवढी शाबूत. रात्री मुंग्यांनी झोप मोडायची, मग अंथरुणात बसून हात झटकत राहायचं. कापूस वेचताना बोंड चिमटीत आलं की निसटलं, ते डोळ्यांनी पाहावं लागे. घरच्यांनी वात ठरवून निरगुडीचा शेक दिला. शेजारच्या बयनाबाईनं कोणाकडून तरी नजर उतरवून आणली. नवऱ्याला चार वेळा सांगून झालं, तो ‘पाहू’ म्हणाला. शेवटी ती चिडून एकटीच बसमध्ये बसली आणि आदिलाबादेला गेली.

तिथल्या हाडाच्या डॉक्टरनं तिच्या मनगटावर बोटानं टकटक केलं, तशा तिच्या बोटांत झिणझिण्या उठल्या. मनगटातली नस दबली आहे, तो हिंदीत म्हणाला, पण कापाकापीची गरज नाही. रोज रात्री हा पट्टा बांधून झोपायचं, म्हणजे मनगट सरळ राहतं. वेचणी थोडे दिवस कमी करायची. दीड महिन्यात उतार नाही पडला तर मनगटात एक सुई देऊ. हयगय केली तर मात्र अंगठ्याखालचं मांस वाळतं, आणि मग ना पट्ट्याचा उपयोग ना सुईचा. एवढं सांगून तो पट्टा बांधून दाखवायला वाकला आणि थांबला. मनगटभर काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, घट्ट, रोज काढता-घालता न येणाऱ्या.

“ये निकालने पड़ेंगे,” तो म्हणाला.

त्याला बोलायला काय जातं. घरी सासू होती. कौशल्याबाईला विधवा होऊन बारा वर्षं झाली होती, आणि पट्ट्याची गोष्ट ऐकताच तिनं हातातलं सूप खाली टाकलं.

“माह्या पोराच्या जिवावर उठली काय व तू? तो जिता हाय अन् तू भुंड्या हातानं निजतं?”

“फक्त उजव्या हातच्या काढतो, आत्याबाई. डाव्या हातात ठेवतो ना.”

“कुंकू बी अर्धंच लावतं काय मंग?”

आशाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. तो खाटेवर बसला होता. एक शब्द बोलला असता तर विषय तिथंच मिटला असता. तो म्हणाला, “आई म्हणते तं राहू दे ना. बांगड्यायवरून बांध.”

तिनं बांधला. बांगड्या मनगटात रुतल्या, एक फुटून काच लागली आणि सकाळी हात आधीपेक्षा जड झाला. नवऱ्याला दाखवलं तर म्हणाला, होईन कमी. दीड महिना असाच वाया गेला. मग ती सुईसाठी आदिलाबादेला गेली, तर डॉक्टरची बदली नव्या जिल्ह्यात झालेली, त्याच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. परतीच्या बसमध्ये तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणतं मंडल कुठं गेलं हे नवऱ्यानं महिनाभर ऐकवलं होतं. बायकोचा डॉक्टर कुठं गेला, याची चौकशी कोण करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर टाकायची भाकर तिच्या हातून चुलीतल्या राखेत पडली. तिनं ती उचलली नाही. परात बाजूला सारली आणि उठून न्हाणीतला साबण घेतला.

“काय करून राह्यली?” कौशल्याबाईनं विचारलं.

“बांगड्या काढतो. आता कोनाले इचारत नाई.”

“खबरदार.” म्हातारी धावली आणि तिनं सुनेचं मनगट धरलं.

धरलं म्हणजे धरायला गेली. म्हातारीची पकड बसलीच नाही, हात नुसता घसरून गेला. आशाबाईनं जोर लावलाच नव्हता. तिनं खाली पाहिलं, तशी सासूनं हात पदराखाली घेतला.

“दाखवा.”

“काई नाई त्याच्यात.”

आशाबाईनं तो हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याखाली जिथं मांस असतं तिथं सुपारी बसेल एवढा खड्डा होता. इतकी वर्षं एका चुलीपाशी बसून तिला तो दिसला नव्हता. याचाही तिला राग आला.

“कवापासून हाय हे?”

“तुया सासरा होता तवापासून.” म्हातारी हळू बोलत होती. “रातभर बोटं जळत. त्यायले सांगतलं तं म्हणे, बाईच्या जातीले काय होते. मंग एक दिवस जळणं आपोआप थांबलं. मले वाटलं, बरा झाला. मारोतीले नारळ फोडलं म्या.” तिनं सुनेच्या पट्ट्याकडं पाहिलं. “हा पट्टा मले बांधला तं?”

आशाबाईच्या तोंडाशी खोटं आलं होतं. तिनं ते गिळलं.

“नाई होणार, आत्याबाई. मांस वाळलं का मंग नाई होत.”

आता ही रडेल असं तिला वाटलं. कौशल्याबाई रडली नाही. तिची मान वळली, आणि इतक्या वर्षांचा संताप खाटेवर बसलेल्या पोरावर निघाला.

“चंपत. ऊठ. तिच्या हातातला साबण घे अन् बांगड्या काढ.”

“मी? आई, मानसानं कधी—”

“माह्या काढल्या तवा तुया बाप अंगणात निजवेल होता. बायायनं दगडानं फोडल्या. तू जिता हायस ना? मंग जित्या हातानं काढ. अन् एक बी फुटू देऊ नोको.”

तो उठला. आशाबाईनं हात पुढं केला, मदत मात्र केली नाही. साबणाच्या फेसात त्यानं तिचा पंजा दाबून धरला आणि पहिली बांगडी ओढली. हाड आडवं येत होतं. त्याच्या कपाळाला घाम फुटला. दुसरी, तिसरी. बांगड्यांखालचं मनगट पांढरं पडलं होतं आणि त्यावर काचेचे वळ होते. ते तो पाहतच राहिला.

“दुखते काय व?” त्यानं विचारलं.

तिची पाचही बोटं त्याच्या मुठीत होती. करंगळी तेवढी तिला कळत होती.

“कळत नाई,” ती म्हणाली. “तेच तं सांगून राह्यली तुमाले तवापासून.”