पाठ केलेली आई

अण्णाराव सरांचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. नळदुर्गला हायवेवर, टायरच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा इंग्रजी बोलायचा क्लास. अर्धा तास ग्रामर, अर्धा तास इंग्रजी म्हणी, आणि मग इंटरव्ह्यूत स्वतःची ओळख सांगायचा तो उतारा. एकच उतारा, गेल्या चार बॅचपासूनचा, झेरॉक्स काढून काढून अक्षरं उडालेली. त्यात आपलं फक्त नाव नि गाव भरायचं. 'मदर इज अ हाऊसवाईफ, शी इज द बॅकबोन ऑफ अवर फॅमिली,' हे त्यातलंच.

मी विचारलं, सर, माझी आई लोकांच्या शेतात खुरपायला जाते, तसं लिहू का? सर हसले. म्हणाले, रोहिणी, मजुरीबिजुरी इंटरव्ह्यूत सांगत नसतात, इम्प्रेशन खराब होतं. सगळा क्लास हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला नोकरी लई गरजेची होती. तोंड दाबून घोकायला लागले. ही चूक माझीच.

आणि घोकून घ्यायला कोण, तर आईच. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून अणदूरच्या घरात आम्ही दोघीच. ती भाकरी थापायची, मी उतारा म्हणायचे. तिला इंग्रजीचं अक्षर कळत न्हाय, पण महिनाभर ऐकून त्याची चाल पाठ झाली होती. एखादा शब्द गाळला की थापता थापता म्हणायची, "मधलं खाल्लंस बघ." एकदा तिनं विचारलं, यात माझं काय लिहिलंय? मी सांगितलं, तू शेतात राबून मला शिकवलंस, असं लिहिलंय. तेव्हापासून ते वाक्य आलं की हात थांबवून ऐकायची. लाज वाटायची मला माझी. तरी खरं सांगितलं न्हाय.

इंटरव्ह्यू धाराशिवला, एका खासगी दवाखान्यात. काउंटरवर पेशंटची नोंद करायची नोकरी. आई कामाचा खाडा करून हट्टानं सोबत आली. आमच्या क्लासच्या पाच जणी होतो, माझा नंबर शेवटचा. दाराला नुसता पडदा. आतून पहिलीचा आवाज आला, मदर इज अ हाऊसवाईफ. दुसरीचं तेच. तिसरीला आतली बाई खुदकन हसली. चौथी शिवांजली. तिची आई शाळेत खिचडी शिजवते, पण तिची पण हाऊसवाईफच. तिच्या वेळी तर साहेबच पुढचं वाक्य आधी म्हणाले, आणि आत हशा झाला.

मी आत गेले. साहेबांनी मान वर न करता मराठीत विचारलं, "तुमची पण आई घरीच असते का?"

टाळकंच सरकलं माझं. "नो सर," म्हणलं, आणि तोंडाला येईल ते बोलत सुटले. मदर नेम सरुबाई. शी वर्क इन अदर पीपल फील्ड. सोयाबीन, तूर, ऑल. फ्रॉम मॉर्निंग. शी टीच मी. एक म्हण न्हाय की काय न्हाय, ग्रामरचा तर पार चुराडा. साहेबांनी पेन खाली ठेवलं, शेवटपर्यंत ऐकलं, आणि कळवतो म्हणाले.

आई पडद्यापाशीच उभी होती. मी पर्समधून उताऱ्याचा कागद काढला, म्हणलं, चल, नळदुर्गला उतरून आधी हा त्या सरांच्या तोंडावर फेकते. तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि उलटसुलट करून बघितला.

"आज माझं नाव घेतलंस," ती म्हणाली. "सोयाबीन म्हणलीस, तूर म्हणलीस. तेवढं कळलं मला."

मी मान हलवली.

"मग महिनाभर ह्या कागदात काय होतं गं?"